फ्लॉरेन्स शहरी प्रथमच जाणाऱ्या कोल्हापूरकरांस काही सूचना

परदेशप्रवास ही एके काळी संस्थानिक, बॅरिस्टर आणि थोडे व्यापारी यांचीच मिरास होती. आता तसे राहिलेले नाही. उसाचे बिल हाती आले, मुलगा अथवा मुलगी परदेशी नोकरीस लागली, म्हणजे करवीर, कागल, शिरोळकडील शेतकरी पतिपत्नीही पंधरा दिवसांत युरोपची सफर करून येतात. व ही गोष्ट आम्हांस इष्टच वाटते. मात्र अशा सफरीत इटलीतील फ्लॉरेन्स शहराच्या वाट्यास बहुधा अर्धाच दिवस येतो, आणि त्या अर्ध्या दिवसात जे पाहावयाचे राहून जाते, तेच नेमके कोल्हापूरच्या माणसाने प्रथम पाहावयास हवे. ही चूक प्रस्तुत लेखकाकडून स्वतः घडलेली असल्यामुळे ती इतरांकडून घडू नये, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहो.

आम्ही प्रथम गेलो ते एका प्रवासी कंपनीच्या मंडळीबरोबर. बस नदीपलीकडील टेकडीवर उभी राहिली, तेथून सर्वांनी शहराची छायाचित्रे घेतली, नंतर खाली उतरून मोठ्या चर्चचा घुमट बाहेरून पाहिला, एका चौकात नक्कल म्हणून उभा केलेला दाविदाचा पुतळा पाहिला, चामड्याच्या दुकानात तासभर गेला आणि दिवेलागणीस बस पुढच्या मुक्कामी निघाली. गावी परतल्यावर थोरल्या काकांस पेढे देऊन नमस्कार केला, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, “महाराजांची छत्री बघितलीस का रे?” आम्ही खाली मान घातली. काकांनी पेढा हातातच ठेवला आणि विषय बदलला. पुढे तीन वर्षांनी आम्ही पुन्हा गेलो तो केवळ त्या प्रश्नासाठी.

ज्या महाराजांविषयी हा प्रश्न होता ते छत्रपती राजाराम महाराज, दुसरे. कोल्हापूरच्या गादीवर या नावाचे पुरुष अनेक होऊन गेल्यामुळे घोटाळा होतो, म्हणून सांगतो की, हे शिवछत्रपतींचे पुत्र राजाराम नव्हेत, व १९२२ ते १९४० पर्यंत राज्य केलेले शाहू महाराजांचे चिरंजीवही नव्हेत. हे १८६६ साली गादीवर बसले. इंग्रजीचे त्यांस उत्तम ज्ञान होते. १८७० साली ते इंग्लंडास गेले, राणी व्हिक्टोरियाची त्यांनी भेट घेतली आणि प्रवासाची रोजनिशी स्वहस्ते इंग्रजीत लिहिली. ती त्यांच्याबरोबर असलेल्या कॅप्टन वेस्ट यांनी १८७२ साली लंडनात छापून प्रसिद्ध केली. परतीच्या वाटेवर बेल्जियम, जर्मनी व टिरोलचा थंड डोंगराळ मुलूख ओलांडताना महाराजांची प्रकृती बिघडली. फ्लॉरेन्स हे त्या वेळी इटलीच्या राज्याची राजधानी होते. तेथे ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांनी देह ठेवला. वय अवघे वीस वर्षांचे.

प्रेतदहनाची चाल त्या देशात मुळीच नव्हती. बरोबरच्या मंडळींनी आग्रह धरला की, दहन आपल्या धर्माप्रमाणे व दोन नद्यांच्या संगमावरच झाले पाहिजे. शहराच्या अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली आणि आर्नो नदीस मुन्योने नावाचा लहानसा प्रवाह जेथे मिळतो, तेथे महाराजांस अग्नी देण्यात आला. हा विधी पाहावयास शहरातील लोकांनी त्या थंडीतही गर्दी केली होती. १८७४ साली त्याच जागी छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांनी केला. हे नाव आपणांस नवे नाही. कोल्हापूरचा टाऊन हॉल आणि १८८४ साली पुरा झालेला नवा राजवाडा हेही मँटसाहेबांच्याच आराखड्याचे. छत्रीखालील फेटा व अलंकार घातलेला महाराजांचा अर्धपुतळा फ्लॉरेन्सवासी इंग्रज शिल्पकार फुलर यांनी घडविला.

इतके ध्यानी घेऊन आता प्रवासाच्या तयारीकडे वळू.

पहिली अडचण परवान्याची, म्हणजे व्हिसाची. इटली शेंगेन मंडळात असल्यामुळे एकाच व्हिसावर शेजारचे बरेच देश पाहता येतात. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो. उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी करावा लागतो, परंतु उन्हाळ्याच्या गर्दीत इतक्या उशिरापर्यंत थांबणे म्हणजे विमानाचे पैसे पाण्यात घालणे होय. दोन अडीच महिने हाती ठेवावे. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने शिल्लक असावी, व आजारपणाचा विमा किमान ३०,००० युरोंचा असावा. नोकरदारास पगारपत्रक जोडून मोकळे होता येते; शेतकऱ्याचे तसे नाही. शेतीच्या उत्पन्नास प्राप्तिकर नसल्यामुळे आपल्यापैकी पुष्कळ जण विवरणपत्रच भरीत नाहीत, आणि मग उत्पन्न दाखवावयाचे कशावरून, असा पेच पडतो. सबब दोन तीन वर्षे आधीपासून शेतीचे उत्पन्न दाखवून विवरणपत्र भरीत जावे. सातबाराचा इंग्रजी तर्जुमा, कारखान्याने उसापोटी बँकेत जमा केलेल्या रकमांचे उतारे व सहा महिन्यांचे पासबुक यांची जुडी नीट लावून द्यावी. व्हिसा देणाऱ्यास एवढेच पाहावयाचे असते की, या माणसास परत यावयास कारण आहे किंवा नाही. आणि जमिनीइतके बळकट कारण दुसरे कोणते असणार?

हंगामाविषयी मतभेद होतील. एप्रिल व मे महिन्यांत तेथे हवा फार सुखाची असते, व आपल्याकडेही पेरण्यांपूर्वीचा तो मोकळा काळ असतो. तथापि आमचे मत सप्टेंबरच्या उत्तरार्धाकडे झुकते. गणपती पोचविलेले असतात, कारखान्यांचे गाळप सुरू व्हावयाचे असते, आणि फ्लॉरेन्सभोवतालच्या टेकड्यांवर द्राक्षांची तोड चालू असते. शेतकऱ्याने दुसऱ्याचे शेत पाहावे ते सुगीतच. ऑगस्टमध्ये मात्र जाऊ नये. ऊन कडक असते, आणि १५ ऑगस्टच्या सुमारास तेथील लोकही दुकाने लावून समुद्राकडे जातात.

सामानात दुधाचे व मांसाचे पदार्थ नेण्यास युरोपात बंदी आहे. पेढे, बर्फी, तूप घरीच ठेवावे. ताजी फळे, मिरच्या, फुले, रोपे यांवरही निर्बंध आहेत. भडंग, चकली, कोरडी शेंगदाण्याची चटणी यांस हरकत येत नाही. आपल्या गुळाची लहानशी ढेप आम्ही नेली होती व मुक्कामाच्या घरमालकिणीस दिली. तिने ती हुंगून, जिभेवर ठेवून, शेजारणीस बोलावून आणले. पायात जाड तळाचे बूट असावेत. शहरातील रस्ते दगडी फरसबंदीचे आहेत, पाऊस पडला की गुळगुळीत होतात, आणि अशा फरशीवर आपली कोल्हापुरी चप्पल कशी वागते ते सांगावयास नको.

मुंबईहून फ्लॉरेन्सास थेट विमान नाही. रोम किंवा मिलान येथे उतरून वेगवान आगगाडीने जाणे सर्वांत सोयीचे. रोमहून दीड तास, मिलानहून दोन तास लागतात. येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी की, त्या देशात या शहरास फ्लॉरेन्स म्हणत नाहीत, ‘फिरेन्झे’ म्हणतात, व पाट्याही तशाच असतात. आमच्याच डब्यातील एक गुजराती कुटुंब फ्लॉरेन्सची वाट पाहत बसून राहिले असते. उतरावयाचे स्टेशन ‘सांता मारिया नोव्हेला’. तेथून मोठे चर्च पायी दहा मिनिटांवर आहे. जुने शहर इतके आटोपशीर आहे की वाहनाची गरज लागत नाही. भाड्याची मोटार घेऊन तर चुकूनही आत शिरू नये. मध्यभागी परवान्यावाचून मोटारीस मज्जाव आहे, कॅमेरे नंबर टिपून घेतात, आणि दंडाचा कागद काही महिन्यांनी भाड्याच्या कंपनीमार्फत आपल्या घरी येऊन थडकतो.

ट्रामचे कागदी तिकीट आधी घेऊन आत चढताच यंत्रात छापून घ्यावयाचे असते. नुसते खिशात असलेले तिकीट म्हणजे तिकीट नव्हे. स्टेशनात व गर्दीच्या ट्रामीत खिसेकापूंचा सुळसुळाट आहे, म्हणून पासपोर्ट व मोठी रक्कम अंगालगत ठेवावी आणि पासपोर्टची प्रत वेगळ्या पिशवीत असू द्यावी. संकटसमयी ११२ हा क्रमांक लावावा. मुक्कामाच्या जागी माणशी दर रात्रीचा नगरपालिकेचा कर निराळा घेतात. तो फसवणूक नव्हे.

जेवणाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. या शहराची प्रसिद्ध ‘बिस्तेक्का’ म्हणजे गाईबैलाच्या मांसाचा भाजलेला जाड तुकडा, आणि हातगाड्यांवर पावात घालून मिळणारे ‘लाम्प्रेदोत्तो’ हे गाईच्या पोटातील कोठ्याचे असते. ज्यांस हे वर्ज्य आहे त्यांनी नुसते दिसण्यावरून मागवू नये. ‘सेन्झा कार्ने’ म्हणजे मांसाविना, एवढे शब्द पाठ असावेत. आणि रश्श्यात ‘ब्रोदो’ म्हणजे मांसाचा अर्क आहे की काय, तेही विचारावे. परंतु शाकाहारी माणसाने उपाशी राहण्याचे काही कारण नाही. या प्रांताचे खरे जेवण कष्टकऱ्यांचे आहे. शिळा पाव, पांढरा घेवडा व काळपट पानांची कोबी एकत्र शिजवून ‘रिबोल्लिता’ नावाचा दाट प्रकार करतात, तो आपल्याकडील कोणाही शेतकऱ्यास आवडेल. फक्त वरून चटणी लागते, ती आपणच न्यावी. पाव मुद्दाम अळणी भाजतात. पहिल्या घासास मीठ विसरले असे वाटते. दुपारचे जेवण साडेबारा ते अडीच व रात्रीचे साडेसातनंतर. अधल्या वेळी बऱ्याच खानावळी बंद. बिलावर ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी थोडी रक्कम असते, ती बसण्याची व पावाची होय. कॉफी उभ्याने घेतली तर स्वस्त, टेबलाशी बसून घेतली तर महाग. दुकानात शिरताच ‘बुओन्जोर्नो’ म्हणून नमस्कार करावा. त्यावाचून एकदम किंमत विचारणे तेथे उर्मटपणाचे समजतात.

चित्रसंग्रह व पुतळे यांविषयी पुस्तके पुष्कळ आहेत, म्हणून येथे थोडकेच सांगतो. उफ्फीत्सी व अकादेमिया ही दोन्ही संग्रहालये सोमवारी बंद असतात. तिकिटे आधी राखून ठेवावीत, नाहीतर अर्धा दिवस रांगेत जातो. मायकेलअँजेलोने १५०४ साली पुरा केलेला दाविदाचा मूळ पुतळा १८७३ पर्यंत चौकात उघड्यावर होता, तो आता अकादेमियात आहे. ब्रुनेल्लेस्कीने १४३६ साली पुरा केलेल्या घुमटावर चढावयास ४६३ पायऱ्या आहेत, पाळणा नाही. ज्यांस जोतिबाच्या पायऱ्या जड जातात त्यांनी खालूनच पाहून समाधान मानावे. चर्चमध्ये खांदे व गुडघे झाकलेले असावेत. आपल्या बायकांची साडी या कामी फार सोयीची.

भिंतींवर माणसाच्या उंचीपेक्षाही वर बसविलेल्या लहान दगडी पाट्या दिसतील. त्यांवर ४ नोव्हेंबर १९६६ अशी तारीख आढळली की थांबावे. त्या दिवशी आर्नोचे पाणी शहरात शिरले, काही भागांत ते सहा मीटरांहून अधिक चढले. माणसे मेली, आणि शेकडो वर्षांचे ग्रंथ व चित्रे चिखलात गेली. राजाराम बंधाऱ्याची पातळी त्रेचाळीस फुटांवर गेली म्हणजे ज्यांची झोप उडते, आणि ज्यांनी २००५, २०१९ व २०२१ चे पूर पाहिले, त्यांस या पाट्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आम्ही एका पाटीखाली उभे राहिलो, तेव्हा सौभाग्यवतींनी हात वर करून पाहिला. तो पाटीपर्यंत पोचला नाही.

शेतकऱ्याने मुद्दाम पाहावी अशी एक जागा उफ्फीत्सीच्या पाठीमागील गल्लीतच आहे, आणि एकही वाटाड्या ती दाखवीत नाही. ‘जॉर्जोफिली’ म्हणजे शेतीवर प्रेम करणारे. या नावाची शेतकी विद्वत्सभा १७५३ साली उबाल्दो मोंतेलातीची नावाच्या धर्मगुरूने स्थापिली. शेतीचा शास्त्रीय विचार करण्यासाठी निघालेल्या युरोपातील अगदी जुन्या संस्थांपैकी ती एक होय. २७ मे १९९३ रोजी रात्री माफियांनी या गल्लीत मोटारीतून बाँब उडविला. पाच माणसे मेली. त्यांत संस्थेच्या इमारतीत राहणारे सेवक कुटुंब, दोन लहान मुलींसह, होते. इमारत पुन्हा बांधली असून संस्था तेथेच चालू आहे. शेतकरी संघाचे सभासद म्हणून आम्ही दाराशी क्षणभर टोपी काढून उभे राहिलो.

वेळ असल्यास एक रात्र शहराबाहेर, टेकडीवरील एखाद्या शेतघरी काढावी. या प्रांतात शेकडो वर्षे ‘मेद्झाद्रिया’, म्हणजे अर्धेलीची पद्धत होती: जमीन व घर मालकाचे, राबणूक कुळाच्या सर्व कुटुंबाची, उत्पन्न निम्मे निम्मे. १९६४ च्या कायद्याने असे नवे करार बंद झाले. तोपर्यंत कुळांची तरुण मुले कारखान्यांत निघूनही गेली होती. ओस पडलेल्या त्याच घरांतून आज पाहुणे उतरतात, आणि त्या उत्पन्नावर ऑलिव्ह व द्राक्षे यांची शेती तग धरून आहे. रम्य देखावा पाहून भुलून न जाता मालकास मजुरीचा दर, पाण्याची सोय व तेलाचा भाव विचारावा. शेतकरी शेतकऱ्याशी बोलू लागला म्हणजे भाषेचा अडसर फारसा राहत नाही. मात्र एक मोह आवरावा. ऑलिव्हची फांदी किंवा द्राक्षाची काडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणण्याची बुद्धी आपल्यापैकी कोणासही होईल. परवान्यावाचून असे करणे आपल्या देशात गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. इटलीच्या दक्षिणेस पुल्या प्रांतात २०१३ साली ‘झायलेला’ नावाचा जंतू आढळला. त्याने तेव्हापासून लक्षावधी ऑलिव्ह झाडे वाळवून टाकली, त्यांत शेकडो वर्षांची झाडेही गेली. हा रोग बाहेरून आलेल्या रोपांबरोबर शिरला असे मानतात.

आता छत्रीकडे. तिच्यासाठी निराळी सकाळ राखून ठेवावी, शक्य तर मंगळवारची. शहराच्या पश्चिमेस आर्नोच्या उजव्या काठाने ‘कास्चिने’ नावाचे सुमारे १६० हेक्टरांचे उद्यान आहे. ‘कास्चिना’ या शब्दाचा अर्थच गुरांचा गोठा, दुभत्याचे ठाणे. मेदिची घराण्याच्या काळी ही शेती व शिकारीची खासगी जमीन होती. आजही विद्यापीठाचा शेतकी विभाग याच उद्यानात आहे. मंगळवारी सकाळी येथे आठवड्याचा मोठा बाजार भरतो. भाजी, चीज, कपडे, भांडी सर्व काही मांडलेले असते. संगमावर वाहावयाची फुले येथेच घ्यावीत.

पहिल्या क्रमांकाची ट्राम ‘कास्चिने’ थांब्यावर उतरविते. तेथून नदीची उजवी बाजू न सोडता पश्चिमेकडे सरळ चालत राहावे. वाट सपाट व सावलीची आहे, परंतु तीन किलोमीटरांच्या आसपास पडते. चालणे होत नसेल तर भाड्याची सायकल किंवा टॅक्सी घ्यावी. कोणास विचारताना ‘राजाराम’ म्हटल्यास समजणार नाही. ‘लिन्दियानो’, म्हणजे ‘तो हिंदी गृहस्थ’, म्हटले की शेंबडे पोरही हात करून दाखविते. छत्रीच्या जवळच आर्नोवर १९७८ साली बांधलेला, तारांनी तोललेला भव्य पूल आहे. त्यासही याच नावाने ओळखतात. ज्यांचे नाव शहरास ठाऊक नाही, अशा वीस वर्षांच्या परक्या राजावरून पुलास व चौकास नावे पडली आहेत.

छत्री उघड्यावर आहे, तिकीट नाही, पहारा नाही. चबुतऱ्यावर निरनिराळ्या भाषांत लेख कोरलेला आहे. येथे नारळ फोडू नये, हळदकुंकू किंवा तेल दगडास लावू नये. संगमरवरावरील डाग निघत नाहीत, आणि ती देखभाल परक्या नगरपालिकेस करावी लागते. फुले पायरीवर ठेवावीत. पुतळ्याचे तोंड तरुण, मिशी नुकती फुटलेली अशा मुलाचे आहे. आमच्या गावात त्या वयाची मुले शेतकी कॉलेजात असतात.

छत्रीपासून थोड्या पावलांवर संगम दिसतो. आपल्या पंचगंगेच्या घाटासारखे रूप मनात धरून जाणाऱ्याची निराशा होईल. आर्नो रुंद व मंद वाहते, आणि मुन्योने म्हणजे आपल्याकडील बेताचा ओढा. घाट नाही, पायऱ्या नाहीत. बरोबरच्या मंडळींनी डिसेंबरच्या तोंडी, परक्या गावात, रात्रीच्या वेळी हीच जागा शोधून काढली. आम्ही तेथे अर्धा तास बसलो, आणि परतल्यावर काकांस सांगावे म्हणून पाण्याचा रंग, काठावरची झाडे आणि प्रवाह कोणत्या बाजूने येऊन मिळतो ते वहीत टिपून घेतले.

पिण्याचे पाणी बरोबर असावे, कारण उद्यानाच्या या टोकास दुकाने विरळ आहेत. अंधार पडल्यावर इकडे थांबू नये. संध्याकाळी उद्यानाचा हा भाग निर्मनुष्य होतो. ऊन असतानाच उठून त्याच वाटेने, नदी आता उजवीकडे ठेवून, ट्रामच्या थांब्याकडे परत यावे.